माझ्यासमोर नको

नानांचं आणि माझं शेवटचं बोलणं कॉफीच्या बरणीच्या झाकणावरून झालं. निवृत्त न्यायमूर्तीच्या अखेरच्या सकाळी त्याच्या मुलीने काहीतरी बरं बोलावं अशी लोकांची अपेक्षा असते, पण ती अखेरची सकाळ आहे हे मला कोण सांगणार होतं... सिंगापूरमधल्या क्वीन्सटाउनच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये ऑफिसला निघायच्या घाईत मी झाकणाला धरून बरणी उचलली. झाकण माझ्या हातात आलं आणि बरणी ओट्यावर आडवी झाली. ओट्यावर, गॅसखाली, माझ्या साडीवर सगळीकडे कॉफी. झाकण नुसतं वर ठेवलेलं होतं, नेहमीसारखं. "नाना, झाकण नीट लावायला काय होतं हो तुम्हाला? किती वेळा सांगायचं?" नानांनी पेपरातून डोकं वर केलं, "बरं," म्हणाले आणि पुन्हा वाचायला लागले. दुपारी हार्बरफ्रंटच्या ऑफिसात एका जहाजाला बंदरात कुणामुळे उशीर झाला, यावर दोन कंपन्यांची भांडणं मी ऐकत होते. तेच माझं काम आहे. तेव्हा गार्गीचा फोन आला, त्या दुपारी ती हॉस्टेलवरून घरी आली होती. माझी मुलगी इथे वाढली, घाबरली की तिचं मराठी पळून जातं आणि इथलं 'लाह' लावलेलं इंग्रजी येतं. "आई, नाना नॉट वेकिंग अप. ॲम्ब्युलन्स ऑलरेडी कॉल्ड. यू कम होम लाह, प्लीज." काचेबाहेर बेटांकडे जाणारी फेरी धक्का सोडत होती. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लिहू नये असा मला सल्ला मिळाला आहे, तरी लिहिते. मला वाटलं, नाना सुटले. निकाल न देता सुटले.

या पुरवणीच्या संपादकांनी 'लेकीच्या नजरेतून' काहीतरी हृद्य लिहा असं सुचवलं होतं. मी हो म्हटलं, पण हृद्य होईल याची हमी दिली नव्हती. न्यायमूर्ती मुकुंद शंकर खांबेटे यांच्याविषयी गेल्या काही आठवड्यांत जे जे छापून आलं ते सगळं खरं आहे, हे आधी सांगून टाकते. चिपळूणजवळच्या गावात पोस्टमास्तरांच्या घरी जन्म, पुण्यात शिकवण्या करत वकिलीचं शिक्षण, जिल्हा कोर्टात वकिली, मग न्यायाधीश, मग उच्च न्यायालय. लाच तर सोडाच, त्यांनी कुणाकडचा चहासुद्धा घेतला नाही. जिल्ह्याच्या गावी असताना आम्ही कधी लग्नाला गेलो नाही, कारण लग्नात पक्षकार भेटतात. माझ्या वाढदिवसाला मैत्रिणींना बोलवायचं नाही, कारण मैत्रिणींना वडील असतात आणि वडिलांचे दावे असतात. आईने हळदीकुंकवाला जायचं नाही. एकदा देवळात कुणा बाईने आईच्या हातावर दोन पेढे ठेवले, तर घरी आल्यावर आईची अशी उलटतपासणी झाली की पुढचे कित्येक दिवस ती देवळातच गेली नाही. लोक याला निःस्पृहता म्हणतात. असेलही. आम्हा दोघींना ते घर म्हणजे पाहुणे न येणारं सर्किट हाउस वाटायचं.

आणि त्यांचा तो दोन शब्दांचा मंत्र, 'दुसरी बाजू?' शाळेतून रडत आले, बाईंनी विनाकारण छडी मारली म्हटलं, की नाना विचारायचे, "दुसरी बाजू?" आई म्हणाली की भाजीवाल्याने फसवलं, की "दुसरी बाजू?" शोकसभेत आणि लेखांत या सवयीचं किती कौतुक झालं! कुणी लिहिलं, गरिबातल्या गरीब पक्षकारालाही न्यायमूर्ती खांबेटे पूर्ण ऐकून घेत. घेत असत. मी कॉलेजात असताना एकदोनदा त्यांच्या कोर्टात मागे जाऊन बसले होते. वकील बडबडत होता आणि नाना मान जराशी कलती करून असे ऐकत होते, की मला त्या वकिलाचा हेवा वाटला. घरी मी बोलत असताना त्यांची मान कधी कलती झाली नाही. त्या दिवशी कोर्टातून परत येताना मी ठरवलं की आपणही आयुष्यात एकदा तरी असं बोलायचं की नानांना ऐकावंच लागेल. तशी वेळ आली.

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि गार्गी दोन वर्षांची होती. माझा तेव्हाचा नवरा मला मारायचा. हे वाक्य आज एका दमात लिहिते, तेव्हा ते तोंडातून बाहेर काढायला मला वर्ष लागलं. एका शनिवारी सुजलेला गाल आणि कडेवर गार्गी अशी मी नानांच्या सरकारी निवासस्थानी गेले. आईने दार उघडलं, काही विचारलं नाही, गार्गीला घेतलं आणि मला आत ओढलं. नानांनी मात्र विचारलं. कधीपासून, कशावरून, कुणी पाहिलं का, डॉक्टरांकडे गेली होतीस का, त्याचे कागद आहेत का... मी सांगत होते आणि त्यांची मान खरंच कलती झाली होती. शेवटी म्हणाले, "हे सगळं मी ऐकलं नंदा. पण त्याची बाजू ऐकल्याशिवाय मला मत बनवता येणार नाही." आणि दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून घेतलं.

त्या रविवारी सकाळी नानांनी दिवाणखान्यातल्या खुर्च्या हलवल्या. सोफा भिंतीला सरकवला, स्वतःची खुर्ची मधे घेतली आणि समोर दोन खुर्च्या ठेवल्या. लांबून बघितलं, पुन्हा जाऊन एक थोडी मागे घेतली. मला वाटलं, हे काय करतायत? मग लक्षात आलं. माझी खुर्ची त्यांना जरा जास्त जवळ झाली होती. माझा नवरा इस्त्रीचा शर्ट घालून, गार्गीसाठी बाहुली घेऊन आला आणि फार सुंदर बोलला. त्याचं बोलणं मुद्देसूद होतं, आवाज खालचा होता, मधेमधे स्वतःच्या बारीकसारीक चुका कबूल करत होता. मी मात्र रडत, अडखळत, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत बोलले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. न राहवून म्हणाली, "अहो, तिचा गाल तरी बघा!" नाना तिच्याकडे न बघता म्हणाले, "कुणी मधे बोलू नका." मग त्यांनी निकाल दिला. आरोप गंभीर आहेत, पण दुसऱ्या बाजूने ते नाकारले आहेत. संसार मोडण्याआधी एक संधी द्यायला हवी. तीन महिने दोघांनी एकत्र राहावं, मग पुन्हा बसू. माझा नवरा त्यांच्या पाया पडला.

ते तीन महिने संपायच्या आत त्याने माझा उजवा हात स्वयंपाकघराच्या दारात धरला आणि दार लावलं. मनगटाचं हाड वाकडं जुळलं. आजही मला लिहिता येतं, टाइप करता येतं, पण तो हात पिळल्यासारखा फिरत नाही. ओलं फडकं पिळता येत नाही, घट्ट झाकण उघडता येत नाही. मी नानांकडे परत गेले नाही. ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडे ठाण्याला राहिले, तिथूनच घटस्फोट घेतला, आणि कंपनीने सिंगापूरला जातेस का विचारलं तेव्हा दुसरी बाजू न ऐकता हो म्हटलं. त्या ठरलेल्या तारखेला मात्र नानांचा मैत्रिणीकडे फोन आला होता. "आज आपलं बसायचं ठरलं होतं." मी म्हटलं, "माझा हात मोडलाय नाना." ते म्हणाले, "थांब, आई बोलेल तुझ्याशी." आणि फोन आईकडे दिला.

त्यानंतर पंधरासोळा वर्षं आमच्यात जे काही होतं ते आईमार्फत होतं. आई अधूनमधून महिनाभर यायची, हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, बसून उसाचा रस प्यायची, नानांच्या पथ्याची काळजी करायची. नाना एकदाही आले नाहीत. मग आई गेली. मी एकुलती एक. नानांना इथे आणलं, त्यांचा इथे राहायचा लाँग टर्म पास काढला, आतली खोली दिली. माझ्या ओळखीतली मराठी माणसं हळहळून म्हणायची, "नंदाताई, किती करता हो तुम्ही वडिलांचं!" आता खरं सांगायला हरकत नाही. मी त्यांना प्रेमाने आणलं नव्हतं. मला एक वाक्य हवं होतं. 'तो निकाल चुकला', इतकंच. माझ्या घरात, माझ्या छपराखाली राहतील, माझा हात रोज डोळ्यांसमोर बघतील, मग किती दिवस गप्प बसतील, असा माझा हिशेब होता.

पहिल्याच आठवड्यात जेवताना मी लोणच्याची बाटली सवयीने गार्गीपुढे सरकवली आणि तिने ती उघडून दिली. नाना बघत होते. "हाताचं अजून आहे?"

"हो. अजून आहे."

"डॉक्टरांचं काय म्हणणं?"

"का? त्यांचीही बाजू ऐकायचीय?"

"आई, रिलॅक्स लाह," गार्गी पुटपुटली. नानांनी भात कालवला आणि खाली मान घालून जेवले. मला वाटलं होतं, आता तरी बोलतील.

घरात मुके असलेले नाना खाली मात्र फुलले. आमच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, तळमजल्यावर, सगळ्या जुन्या ब्लॉकना असते तशी, मोकळी जागा आहे. तिला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे बुद्धिबळाचा पट कोरलेली दगडी टेबलं आहेत. नाना सकाळी तिथे जाऊन बसायला लागले. त्यांच्याबरोबर अंकल टॅन असायचे. ते बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे पण पंजे हे एवढे. एकाचं इंग्रजी कोर्टातलं, दुसऱ्याचं धक्क्यावरचं, पण दोघांचं जमायचं. आणि मग भांडणं यायला लागली. वरच्या मजल्यावरच्या रोहानी आंटी कपडे पिळल्याशिवाय खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घालतात आणि खालच्या मॅडम लिम यांच्या वाळलेल्या चादरी भिजतात, यावर वर्षानुवर्षं धुसफुस होती. नानांनी दोघींना दगडी टेबलाशी समोरासमोर बसवलं, मान कलती करून दोघींचं ऐकलं, आणि अर्ध्या तासात निकाल दिला. रोहानी आंटींनी घरात निथळल्यावरच बांबू बाहेर काढावा, मॅडम लिम यांनी दुपारनंतर चादरी घालाव्यात. दोघी हसत घरी गेल्या. ब्लॉकभर नानांचं नाव 'जज अंकल' झालं. ऑफिसातून येताना लिफ्टमध्ये लोक मला सांगायचे, "युअर फादर व्हेरी फेअर, आह." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. ओल्या चादरीला अर्ध्या तासात न्याय मिळत होता, आणि मी वर स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी मऊ भात लावत अजून ताटकळत होते.

मग तो प्रसंग घडला. सिंगापूरच्या पन्नाशीचं वर्ष होतं, ब्लॉकच्या प्रत्येक कठड्यावर लाल-पांढरे झेंडे लटकत होते. गार्गी तेव्हा विद्यापीठात वादविवादाच्या संघात होती. जेवताना तिने विचारलं, "नाना, डिड यू एव्हर रिफ्यूज अ केस?" नाना खुलले. म्हणाले, हो तर. एका हाउसिंग सोसायटीचा दावा आला होता. तिथे आईच्या कुणा लांबच्या मावसभावाचा फ्लॅट होता, तोही भाड्याने दिलेला. नानांनी कागद उघडून नाव वाचलं आणि तिथल्या तिथे सांगितलं, 'नॉट बिफोर मी'. माझ्यासमोर नको. दुसऱ्या खंडपीठाकडे द्या. "कारण कळलं का गार्गी? ज्या प्रकरणात आपलं माणूस आहे, त्यात न्यायाधीशाने बसायचंच नसतं. आपण कितीही सरळ असलो तरी तोल जातो. कधीकधी तो आपल्या माणसाच्या विरुद्ध जातो, कारण आपण सरळ आहोत हे दाखवायचं असतं."

मी चमचा खाली ठेवला. इतकी वर्षं मी त्या रविवारचा विचार करत होते आणि हे मला कधी सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "मावसभावाच्या भाडेकरूला तुम्ही 'माझ्यासमोर नको' म्हणालात नाना. मग मला का नाही म्हणालात? माझा खटला तुम्ही ऐकायलाच नको होता. तुम्ही फक्त दार उघडून मला आत घ्यायचं होतं. आईने घेतलं तसं."

गार्गीने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिला तेव्हा अर्धंच ठाऊक होतं. नानांचा चेहरा मी प्रथमच असा पाहिला, खाली लिहिलेलं काहीतरी वाचता येत नसल्यासारखा. आणि मग ते काय म्हणाले असतील? म्हणाले, "त्या वेळी कुणी तशी हरकत घेतली नव्हती."

मी हसले. दुसरं काय करणार? सुजलेल्या गालाच्या सव्वीस वर्षांच्या पोरीने बापासमोर उभं राहून हरकत नोंदवायला हवी होती! मी ताट उचललं आणि बेसिनपाशी गेले. माझ्या पाठीमागे नाना हळूच म्हणाले, "हरकत योग्य आहे." एवढंच. पुढे काही येईल म्हणून मी नळ बंद करून उभी राहिले. पुढे काही आलं नाही. खुर्ची सरकली आणि ते त्यांच्या खोलीत गेले. हरकत योग्य आहे म्हणे! अर्ज मंजूर झाल्याचं ऐकायला मी वीस वर्षं थांबले नव्हते.

त्या संध्याकाळनंतर मी आशा सोडली, आणि नानांना म्हातारपण लागलं असं मला वाटलं. विसरायला लागले. सगळ्यात चीड आणायची ती झाकणांची गोष्ट. साखर, कॉफी, तूप, लोणचं, कशाचंही झाकण लावलेलं नसायचं, नुसतं वर टेकवलेलं. नवी बाटली आणून ठेवावी तर दुसऱ्या दिवशी तीही उघडलेली. इथल्या दमट हवेत काय होतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. साखरेचा दगड होतो आणि मुंग्यांची रांग थेट कठड्यापासून ओट्यापर्यंत लागते. दिसेल ते झाकण मी डाव्या हाताने आवळून टाकायचे, बोलायचे, ते "बरं" म्हणायचे, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यांच्या हाताला कंप सुटला होता, तरी रोज सकाळी एक कापडी पिशवी घेऊन खाली जाणं चुकायचं नाही. पिशवी जड दिसायची, लिफ्टपाशी मधेच खाली ठेवायचे. एकदा विचारलं, "काय नेता एवढं रोज?" तर म्हणाले, "आजचं कामकाज." म्हटलं, नेऊ देत, जुने कागद चाळत बसत असतील. म्हाताऱ्या माणसाचं खूळ. गार्गी हॉस्टेलवर राहायला गेली होती. घरात आम्ही दोघंच, आणि आमच्यात त्या उघड्या बरण्या.

नाना गेल्यावर इथल्या मराठी मंडळींनी शोकसभा घेतली. हॉल छान होता, हार मोठा होता. एका बँकेतल्या गृहस्थांनी अभ्यासपूर्ण भाषण केलं. म्हणाले, न्यायमूर्ती खांबेटे यांचा एकही निकाल वरच्या कोर्टात फिरला नाही! टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना, शोकसभा होती. मी पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसले होते. माझ्या मनात येत होतं, एक फिरला हो. तो मी फिरवला, एका हाताने, दोन वर्षांच्या पोरीला घेऊन, आणि खालच्या कोर्टाने तो कधी मान्य केला नाही. पण मी उठले नाही. शेवटी सगळ्यांनी मला नमस्कार केले आणि मी ते घेतले.

त्यानंतर काही दिवसांनी, एका रविवारी, मी दुकानातून आणलेली लिंबाच्या लोणच्याची बाटली उघडायला घेतली. झाकण हलेना. डाव्या हाताने पाहिलं, फडकं धरून पाहिलं, गरम पाण्याखाली धरून पाहिलं. मग लक्षात आलं की गेल्या दोन वर्षांत मला एकही घट्ट बाटली उघडावी लागलेली नाही. शेजारी कुणी नव्हतं. म्हटलं खाली जाऊ, अंकल टॅन असतील. ते होते, नानांच्या जागेसमोर, नेहमीसारखे. मी बाटली पुढे केली. ते बाटलीकडे बघून इतके हसले की त्यांची कवळी हलली.

"वाः, सेम सेम युअर फादर!"

"म्हणजे?"

"युअर फादर एव्हरी डे ब्रिंग डाउन. कॉफी, शुगर, पिकल, दॅट यलो बटर वन. ही ट्राय फर्स्ट. कॅनॉट, हँड शेकिंग. देन गिव्ह मी." त्यांनी आपल्या पंज्याने झाकण फिरवलं, ते लगेच निघालं. मग त्यांनी ते हलकेच परत वर टेकवलं. "डोन्ट क्लोज टाइट, ही ऑल्वेज से. डॉटर हँड स्पॉइल."

मी नानांच्या स्टुलावर बसले. विचारलं, आणखी काय म्हणाले? अंकल टॅनना ते सांगण्यात काही वावगं वाटत नव्हतं, त्यांना वाटलं मला माहीतच असेल.

"ही से हिज फॉल्ट. लाँग टाइम अगो, ही गिव्ह राँग ऑर्डर, डॉटर गो बॅक, हँड ब्रोकन. ही टेल मी होल स्टोरी, व्हेरी लाँग, लाइक इन कोर्ट. देन ही आस्क मी, मिस्टर टॅन, व्हॉट इज युअर फाइंडिंग? आय से, यू राँग लाह! फुल राँग! ही नॉड, नॉड. ही से थँक यू."

"मग मला का नाही सांगितलं?" मी त्यांना मराठीतच विचारलं आणि मग इंग्रजीत.

"आय आल्सो से! गो अपस्टेअर्स, टेल हर. ही से कॅनॉट. ही से, माय डॉटर ऑब्जेक्ट, अँड शी इज राइट. हर केस, नॉट बिफोर मी." अंकल टॅननी खांदे उडवले. "जज टॉक. आय डोन्ट अंडरस्टँड."

मला समजलं. मी हरकत घेतली, ती त्यांनी मंजूर केली आणि नियमाप्रमाणे त्या खटल्यातून ते उठले. एकदा उठल्यावर निकालाचा एक शब्दही उच्चारायचा त्यांना अधिकार नव्हता, म्हणून त्यांनी प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे सोपवलं. क्रेन चालवणाऱ्या माणसाकडे, दगडी टेबलावर. तिथे निकाल लागला, त्यांच्याविरुद्ध लागला, तो त्यांनी मान्य केला आणि रोज सकाळी पिशवीत घालून त्याची अंमलबजावणी केली. सगळं कसं रीतसर! फक्त जिचा खटला होता तिला कळवायचं राहिलं. ती वर ओट्यापाशी मुंग्या पुसत त्यांच्यावर ओरडत होती आणि ते "बरं" म्हणत होते.

माझा राग गेला असेल असं वाचकांना वाटत असेल तर तसं झालेलं नाही. उलट वाढला आहे. मुलीसमोर उभं राहून 'चुकलो गं' म्हणायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नव्हती. त्या रविवारी बाप व्हायचं सोडून ते न्यायाधीश झाले, आणि ती चूक कळल्यावर पुन्हा न्यायाधीशच झाले. ते बोलले असते तर मी त्यांना माफ केलं असतं की दार आपटून निघून गेले असते, हे मला आता कधीच कळणार नाही. तेवढं तरी माझ्या वाट्याला यायला हवं होतं. गार्गीला सगळं सांगितलं, तर ती खूप रडली आणि म्हणाली, "बट ही ट्राइड, आई." मी म्हटलं, "असेल." तिला तिचे नाना ठेवू देत.

बरण्या उघडायला रबराची एक पकड मिळते, गार्गीने ती आणून दिली आहे. चांगली आहे म्हणतात. ती अजून वेष्टणातच आहे. रविवारी सकाळी मी बरण्या कापडी पिशवीत भरते, खाली जाते आणि नानांच्या स्टुलावर बसते. ते वजन लिफ्टपर्यंत नेताना मधे एकदा खाली ठेवावंच लागतं, मलासुद्धा. गेल्या रविवारी अंकल टॅननी माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "स्टिल अँग्री, आह?"

"येस," मी म्हटलं.

"ओके," ते म्हणाले आणि तुपाच्या बरणीसाठी हात पुढे केला.